पाणी सुटलं का? साखर पेठेतल्या हौदाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

नव्या वहीचं पहिलं पान हौदाला. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कधी पहाटे साडेतीनला, कधी भर दुपारी. वेळ सांगता येत नाही, म्हणून पाण्याच्या पाळीच्या रात्री घरातल्या एकाने कान जागा ठेवून झोपायचं, हा सोलापुरातल्या निम्म्या घरांचा अलिखित नियम. आमच्याकडे तो एक म्हणजे आई. आता तिचे गुडघे बोलायला लागलेत आणि हौद जिन्याखाली आहे.

मला हवंय ते इतकंच: नळाला पाणी सुटलं की कळावं, हौद किती भरला ते खाली न उतरता दिसावं, आणि कोणत्या दिवशी किती वाजता किती वेळ पाणी आलं याची नोंद आपोआप राहावी.

मोटर जोडणार नाही. मित्र म्हणाला, "एवढं करलालास तर मोटर पण ऑटोमॅटिक कर की बे." नको. रिले, म्हणजे विजेने चालणारं बटण, चिकटली आणि रात्रभर मोटर कोरडी फिरली, तर वायंडिंगच्या पैशात असे दहा प्रकल्प होतील. शिवाय ते बटण आईचं आहे. त्याला हात लावलेला तिला चालणार नाही, आणि खरं तर मलाही.

९ जानेवारी

नवी पेठेतून प्लॅस्टिकचा डबा, चार्जर, वायर. बाकी सामान कुरिअरने आलं: ईएसपी८२६६ची नोडएमसीयू पाटी (वायफाय असलेलं, प्रोग्राम लिहिता येणारं छोटं सर्किट), पाणी लागलं तरी चालणारा जेएसएन-एसआर०४टी अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारा), डीएस१८बी२० तापमापक. सेन्सर पाच व्होल्टवर चालतो आणि उत्तरही पाच व्होल्टचंच देतो. ईएसपीच्या पायाला (पिनला) ३.३ च्या वर सोसत नाही. म्हणून मध्ये एक किलोओहम आणि दोन किलोओहमची जोडी; पाचाचे दोन तृतीयांश म्हणजे साधारण ३.३. दोन-चार रुपयांच्या दोन रेझिस्टरनी अडीचशे रुपयांची पाटी वाचते.

हौदाजवळ वायफाय पोचत नाही. दगडी भिंत दीड हात जाडीची आहे. राऊटर जिन्याच्या वळणावर आणावा लागला. आईने त्यावर लगेच विणलेला रुमाल घातला. राऊटरला मोकळा वारा हवा असतो हे तिला सांगणं चालू आहे.

१३ जानेवारी

आज काम बंद. भोगी. सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, आणि दुपारी सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. सम्मती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. सातही नंदीध्वज येईपर्यंत ऊन डोक्यावर. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पेलतात ते ध्वज पाहिले की दरवर्षी मनात तोच हिशोब सुरू होतो: गुरुत्वमध्य कुठे असेल, कमरेच्या पट्ट्यावर किती भार येत असेल, वाऱ्याची झुळूक आली तर तोल कोण सावरतं. पेलणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, सवय आहे ओ. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं आणि अक्षता पडल्या, तेव्हा आमच्या मागचा एक लहान मुलगा तांदूळ वेचून खिशात भरत होता.

१४ जानेवारी

रात्री होम मैदानावर. होमानंतर वासराची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, खोबरं वगैरे ठेवतात. ते काय हुंगतं, बुजतं की शांत राहतं, मलमूत्र करतं का, यावरून यंदाचं पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. वर्षाला एकच वाचन घेणारा सेन्सर. उद्या पेपरात जिल्ह्यातले किती शेतकरी आधी हेच शोधतील! माझ्या आलेखांना इतके वाचक कधी मिळायचे नाहीत.

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या जनरेटरशेजारी उभं राहून भज्जी खाल्ली. पाळण्याची मोटर जोडलेली बघून त्यात बसायची इच्छा गेली.

१९ जानेवारी

सेन्सर हौदाच्या झाकणाखाली बसवला. या सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. त्याच वडग्यातून तो आवाज सोडतो आणि त्यातूनच ऐकतो, त्यामुळे सोडलेल्या आवाजाची थरथर थांबेपर्यंत परत आलेला आवाज त्याला कळत नाही. हौद काठोकाठ भरला की तो आंधळा. म्हणून झाकणावर लाकडी चौकट ठोकून त्याला वीतभर वर उचलला.

दुसरा त्रास भिंतींचा. त्याच्या आवाजाचा झोत चांगलाच पसरट आहे, आणि आमचा हौद अरुंद. पाण्याआधी भिंतीच्या पायरीवरून आवाज परत यायचा, आणि रिकामा हौद कायम अर्धा भरलेला दिसायचा. चार इंची पाईपचा तुकडा उभा सोडला, खाली भोकं पाडली, सेन्सर त्याच्या तोंडावर. आता पाईपमधलं पाणीही निवांत असतं. वरून नळाची धार पडत असली तरी आत लाटा नाहीत. एकापाठोपाठ काही वाचनं घ्यायची, लहान-मोठी लावायची, मधली उचलायची. सरासरी नको. एखादं वाचन वेडंवाकडं आलं की सरासरी त्याच्यामागे जाते, मधलं वाचन जागचं हलत नाही.

२ फेब्रुवारी

हौदाचं जमलं म्हणून तसाच दुसरा सेन्सर गच्चीवरच्या काळ्या टाकीला लावला. आणि तिथे एक चमत्कार: दुपारी टाकी आपोआप भरते. मोटर बंद, नळ बंद, तरी एकपासून पातळी चढत जाते, साडेतीनला सगळ्यात वर, आणि संध्याकाळी पुन्हा उतरते.

आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. हिशोब सोपा आहे: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटर जास्त. २० अंशांना ३४३. टाकीच्या आत, पाण्यावर जी हवा कोंडते ती ४२ अंशांवर गेली तर ३५६. प्रोग्राममध्ये लोक सर्रास ३४३ लिहून मोकळे होतात, कारण ते लिहिणाऱ्याच्या खोलीत २० अंश असतात. आमच्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी काळ्या टाकीत हात घालून बघा. आवाज लवकर परत येतो, पाटीला वाटतं पाणी जवळ आलं. ऐंशी सेंटिमीटरवर तीन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे आमच्या टाकीत बादलीभर पाणी, जे नाहीच.

डीएस१८बी२० टाकीच्या आत टांगला आणि वेग त्याच्याकडून घ्यायला लावला. दुपारची भरती गेली. हौदात मात्र असं काही करायची गरज पडली नाही. जमिनीखाली दिवसरात्र तापमान जवळजवळ तेच. जुनी माणसं पाणी जमिनीत ठेवत ते उगीच नाही.

१० फेब्रुवारी

मंगळवेढ्याकडे हुरड्याला. प्रकल्पाशी संबंध नाही, पण वहीत लिहिलं पाहिजे असं काही खाल्लं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, तळहातावर चोळून निघालेला हिरवा दाणा, सोबत शेंगा चटणी, गूळ, दही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते तिथल्या काळ्या, खोल जमिनीमुळे. रब्बीची ही ज्वारी पेरल्यावर पाऊस जवळजवळ नसतोच. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभं राहतं. शेतमालक काकांनी मुठीत माती दाबून दाखवली. वरून भेगा, वीतभर खाली ओल. मी लगेच विचारलं, इथे ओलावा मोजायचा सेन्सर लावू का? ते म्हणाले, "लावा की. पण ही मूठ फुकट आहे."

येताना पाच किलो मालदांडी ज्वारी आणली.

२३ फेब्रुवारी

मालदांडी आहे, वजनाचा सेन्सर कपाटात पडून आहे, आई कडक भाकरी करणार आहे. तिन्ही गोष्टी एका रविवारी जमल्या.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आई पीठ उकळत्या पाण्यात भिजवते. गरम पाण्याने पिठातलं स्टार्च फुगतं आणि तेच पिठाला धरून ठेवतं. कडक भाकरीला नेहमीपेक्षा पातळ थापायचं, इतकं की परातीची नक्षी दिसेल. तव्यावर दोन्हीकडून भाजून मग मंद आचेवर वाळवायची. फुगू द्यायची नाही. फुगली की पापुद्रा वेगळा होतो आणि ती वाळताना वाकते. आई कापडाच्या बोळ्याने दाबत राहते.

तव्याशेजारी जाळी, जाळीखाली पत्रा, पत्र्याखाली लोडसेल, म्हणजे तो वजनाचा सेन्सर, त्याला त्याचा बारीक सिग्नल मोठा करणारी एचएक्स७११ चिप. दर मिनिटाला वजन. आलेख सुरेख आला: सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग उतार मंदावत जातो, आणि शेवटी रेघ आडवी. पाणी संपलं. मी म्हटलं, आता झाली. आईने भाकरी उचलून नखाने टिचकी मारली. "मधे बद बोलतीय. अजून पाच मिनिटं." काठ आधी वाळतो, मधला भाग मागे राहतो, आणि एकूण वजनात तेवढा फरक माझ्या स्वस्त लोडसेलला दिसत नाही. टिचकीला दिसतो. पाच मिनिटांनी दुसरी टिचकी, आता काचेसारखा आवाज.

ही भाकरी डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहते. आमटीत चुरून खायची किंवा तशीच कडाकडा मोडून दह्याबरोबर.

४ मार्च

मुख्य कामाकडे. हौदाची पातळी वाढायला लागली की पाणी आलं हे कळतं, पण दहा मिनिटं उशिरा. आमचं पाणी तासभर टिकतं तेव्हा दहा मिनिटं थोडी नाहीत. नळावरच काहीतरी हवं.

पाणी मोजणारी प्लॅस्टिकची चक्री लावून पाहिली, वायएफ-एस२०१. लिटरला ४५० ठोके देते. पण आमच्याकडे नळ चार दिवस कोरडा असतो. पाणी सुटलं की आधी लाईनमधली सगळी हवा बाहेर पडते. चक्रीला हवा आणि पाणी सारखंच. पाण्याचा थेंब यायच्या आत तिने डबाभर पाण्याची नोंद करून टाकली. मीटरवर बिल येणाऱ्या गावांत लोक हवेचे पैसे भरतात अशी तक्रार असते, ती खोटी नसणार.

मग स्टीलचे दोन स्क्रू पाईपच्या टी-जोडात. पाणी आलं की दोघांमध्ये वीज वाहते. तेही निरुपयोगी. खालच्या वळणात मागच्या पाळीचं पाणी साठून राहतं, त्यामुळे स्क्रूच्या मते पाणी कायम आहे. आणि सतत एकाच दिशेने वीज दिल्यामुळे एक स्क्रू आठवड्यात काळा पडून झिजायला लागला.

७ मार्च

शेजारच्या अक्कांना विचारलं, तुम्ही पहाटे बरोबर कशा उठता? पूर्व भागातलं पद्मशाली घर, चार पिढ्यांपूर्वी तेलंगणातून मागावर काम करायला आलेलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, सगळं एका दमात. अक्का म्हणाल्या, "घड्याळ कशाला रे? नळ सू सू करतो. मी तोटी उघडीच ठेवते. सू झालं की दहा मिनिटांत पाणी येतंय बघ."

म्हणजे जी हवा माझ्या चक्रीला फसवत होती, तीच खूण आहे. तिला हाकलायचं कशाला? तिचंच ऐकायचं.

१६ मार्च

पिझोची चकती, जुन्या म्युझिकल ग्रीटिंग कार्डातली, जीआय पाईपला एपॉक्सीने चिकटवली. पाईपची थरथर तिच्यातून विजेच्या रूपात बाहेर येते. अडचण गल्लीची. दोन घरं सोडून यंत्रमाग आहेत आणि त्यांची खटक-खटक जमिनीतून, भिंतीतून, पाईपमधून सगळीकडे पोचते. आम्हाला ती ऐकूच येत नाही. माग बंद पडले की मात्र जाग येते. पिझोला अशी सवय नाही. तिच्या दृष्टीने दिवसभर धरणीकंपच.

पण दोन आवाजांत फरक मोठा आहे. मागाचा ठोका जाडा आणि तालात, सेकंदाला दोनेक. हवेचा फुत्कार बारीक आणि सलग. दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि दहा किलोओहमचा रेझिस्टर घातला की साधारण १६०० हर्ट्झच्या खालचं बरंचसं अडतं. जे उरतं ते अर्धा मिनिट सलग राहिलं तरच "हवा" म्हणायचं. मागाचा ठोका कितीही मोठा असो, सलग नसतो. पाटीवर वायफाय चालू असताना वाचन थरथरतं, म्हणून आधी ऐकायचं, मग पाठवायचं. माणसांनाही हे लावून बघायला हरकत नाही.

१९ मार्च

पहाटे ४:१० ला फोन वाजला: हवा. ४:१९ ला पाणी. मी जिन्यात पोचलो तेव्हा आई आधीच हौदापाशी होती.

६ एप्रिल

ऊन. सोलापूरचं ऊन काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ म्हणजे इथे नेहमीचं. गच्चीवरच्या सेन्सरचा थ्रीडी प्रिंट केलेला कंस मेणबत्तीसारखा वाकला आणि सेन्सर आकाशाकडे तोंड करून बसला. पीएलए नावाचं जे प्लॅस्टिक प्रिंटरला सगळ्यात सोपं जातं ते साठेक अंशांना मऊ पडतं, आणि उन्हातल्या काळ्या टाकीचा पत्रा... असो. आता लोखंडी पट्टी, दोन नट. लोहाराने वीस रुपये घेतले आणि डिझाइन स्वतःच सुधारलं.

डब्यात पाल. चार्जरच्या उबेला येऊन बसते. वायर जिथून आत जाते त्या भोकाला कापूस आणि एम-सील.

१३ एप्रिल

पाण्याच्या पाळ्या लांबल्या. पेपरात रोज उजनीची टक्केवारी, आणि बाहेरगावच्या मित्रांना कायम पडणारा प्रश्न: धरण उणे कसं असू शकतं?

उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं साधारण साडेत्रेसष्ट टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं. त्यावरचं साडेत्रेपन्न टीएमसी हा उपयुक्त साठा, आणि टक्केवारी याच्यावर काढतात. उपयुक्त संपला की शून्य. पण धरण रिकामं नसतं. मृतसाठ्यात हात घातला की उणे सुरू. उणे पन्नास टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं सत्तावीसेक टीएमसी गेलं. भीमेवरचं हे धरण भरतं ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या पावसावर, आमच्या नाही. आमच्या डोक्यावर ढग नसतानाही इथे पाण्याची चैन होऊ शकते, आणि उलटंही.

शहराला तिथून जलवाहिनीने येतंच, शिवाय नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं आणि टाकळीहून उपसलं जातं. वाटेत कोरडं पात्र किती पितं, कडेचे पंप किती ओढतात, हा वेगळा प्रकल्प होईल. हिप्परगा तलाव एकोणिसाव्या शतकातला, तो अजून आपल्या परीने हातभार लावतो.

आमच्या नोंदीतही हे सगळं दिसतं. मार्चमध्ये फुत्कार आणि पाणी यांच्यात दहाएक मिनिटांचं अंतर होतं. आता वीस. लाईन जितकी जास्त दिवस कोरडी तितकी जास्त हवा. चावीवाल्या मामांना आलेख दाखवला. ते खांद्यावरची लांब टी-आकाराची चावी टेकवून बघत राहिले. म्हणाले, "हे असं रेघेत काढलंय होय? मला पायाला कळतंय. व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठली गल्ली बोंब मारणार, सगळं पाठ आहे." मग बऱ्याच वेळाने: "ती शुक्रवारची खाच दिसतीय का, तेव्हा खालच्या अंगाला फुटलेली लाईन होती."

२० एप्रिल

एक गोष्ट आलेखात सापडली आणि सापडली नसती तर बरं असतं. पाणी सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आमची धार अचानक बारीक होते आणि पाईपमधली थरथर बदलते. एकसुरी घरघर येते. कुणीतरी थेट नळाला मोटर लावतंय. ती लाईनमधलं पाणी ओढते आणि पुढच्या घरांना हवा उरते. कोण ते घरघरीच्या जोरावरून जवळपास सांगता येईल. नाव इथे लिहीत नाही; गल्लीत राहायचं आहे. फक्त पुढच्या गणपतीच्या बैठकीत, कुणाचं नाव न घेता, आलेख भिंतीवर लावायचा विचार आहे.

४ मे

पाण्याला सुट्टी. अक्कांच्या भावाच्या कारखान्यात जाऊन आलो. आता तिथे टॉवेलच जास्त निघतात, पण एका मागावर अजून जेकार्ड (कार्डांवरून नक्षी विणायची जोडणी) चढवलेला आहे आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ टांगलेली. जुनी चादर: मोर, मधे वेलबुट्टी, दोन्ही काठांना पट्टा.

एक कार्ड हातात घेतलं. कडा तेलाने काळ्या, भोकांभोवती पुठ्ठ्याची लव उभी. काम असं: कार्ड सुयांच्या रांगेवर दाबलं जातं. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हुक जागेवर राहतो आणि वर उचलणाऱ्या पट्टीत अडकतो. त्याचा ताणा वर. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक सुटतो, ताणा खालीच. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक फटका. मग माळ एक घर पुढे. फ्रान्समधल्या जेकार्डने हे १८०४ मध्ये जुळवलं. पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं धरली, आणि १८९० ची अमेरिकेची जनगणना होलेरिथने भोकांच्याच कार्डांवर मोजली. आम्ही कॉलेजात हे पुस्तकात वाचलं. कार्डांची माळ तेव्हा घरापासून हाकेच्या अंतरावर खटखटत होती आणि आम्हाला कुणी नेऊन दाखवली नाही, याचा राग आता येतो.

परवानगी घेऊन कार्डांचे फोटो काढले. पायथनमध्ये पंचवीस-तीस ओळी: फोटो सरळ करायचा, जाळी आखायची, प्रत्येक घरात उजेड आहे का बघायचा. एक कार्ड, एक ओळ. खालून वर ओळी रचत गेलो आणि रात्री अकराला पडद्यावर मोराचा पाय आला. मग पोट. मान यायच्या आधी फोटो संपले, कारण मधली काही कार्डं फाटून गेलीत. भावांना दाखवलं तर ते म्हणाले, "फाटलेली परत पाडता येतील काय यावरून?" येतील. पिसारा कसा होता ते चादर बघून उलटं काढावं लागेल, पण येईल. हा प्रकल्प पुढच्या वहीत.

११ मे

शेंगा चटणी. थर्मोकपल कढईत घालू दे म्हणून दोन दिवस आईच्या मागे होतो. घातली. तापमानाचं काय सांगू. शेंगदाणे ढवळत असताना टोकाला दाणा लागला तर एक, कढई लागली तर दुसरंच. आईचा हिशोब वेगळा: तडतड सुरू झाली की आच कमी, तडतड विरळ झाली की खाली. मग सुपात पाखडून सालं उडवायची. सगळी नाही. थोडी राहिली तर चव राहते असं तिचं मत आहे, माझंही.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. प्रश्न एवढाच की ते कसं बाहेर काढायचं. मिक्सरचं पातं कापतं. आधी कोरडी पूड होते, आणि अजून फिरवलं की एकदम लगदा. उखळात मुसळ चिरडतो: दाण्याचा काही भाग जाडसर राहतो, काही भागातून तेल सुटतं, आणि त्या तेलात तिखट आणि लसूण बसतात. म्हणूनच इथे डंकावर कुटलेल्या चटणीचा वास वेगळा. ती मुठीत दाबली की गोळा होतो आणि तळहात तेलकट. लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. साखर घालणाऱ्यांशी आमचं बोलणं नाही.

डंकाच्या दुकानात आवाज मोजला: शेजारी उभं राहून बोलता येत नाही इतका. कुटणारा माणूस मात्र त्यातून ऐकतो. दाणा कोरडा असेपर्यंत ठोका ठणठणीत, तेल सुटलं की दबका. तेव्हाच तो चटणी खरवडून उलथतो.

१ जून

फोनवरचा संदेश आईला नको आहे. फोन रात्री कपाटात असतो. तिला दिवा हवा. जिन्यात झिरोचा लाल दिवा लावला: हवा आली की मिणमिणतो, पाणी आलं की पेटून राहतो, हौद भरला की विझतो. वीज गेली तरी चालावं म्हणून दिवा एलईडीचा केला आणि पाटीला जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक सेल.

आता वाड्यातली सगळी घरं जाता-येता जिन्यात डोकावतात. अक्का म्हणाल्या, दिवा छान आहे, पण मी तोटी उघडीच ठेवणार.

१५ जून

पहिला मोठा पाऊस. हवेतला दमटपणा वाढला आणि डब्यातली कडक भाकरी एका रात्रीत मऊ पडली. लोडसेलवर ठेवली: वजन वाढलेलं, पाच-सहा ग्रॅमनी. आईने विचारलंही नाही, तवा ठेवला.

पिझोला पावसाचा आवाज हवेसारखाच वाटतो. पन्हाळीचं पाणी पाईपवर पडलं की बारीक आणि सलग, नेमकं मी सांगितलं होतं तसंच. काल रात्री दिवा चार वेळा मिणमिणला आणि अख्खा वाडा बादल्या घेऊन खाली आला. पन्हाळीला कोपरा लावून धार दुसरीकडे वळवायची. तेवढ्याने भागलं नाही तर चकती पाईपवरून काढून तोटीच्या आतल्या अंगाला, जिथे पाऊस पोचत नाही. उद्या प्लंबर येतोय. कोपरा तीन इंची लागेल, अडीच नाही.